भाऊजींच्या कानासाठी

वर्धा स्टेशनवर उतरले तेव्हा माझ्या कानात गाणं चालू होतं. शेवटी हमालाने बॅगेला हात लावला तेव्हा मी दचकले. तो केव्हापासून हाका मारत होता. मुलाने वाढदिवसाला दिलेले हे इअरबड फार गुणी. एकदा कानात बसले की डबा, फेरीवाले, रडणारी पोरं, सगळं पुसलं जातं आणि उरतो फक्त गवयाचा गळा. मिरजेपासून वर्ध्यापर्यंत मी अशीच सुखात आले होते. आणि अशीच एक जोडी मी भाऊजींसाठी आणली होती.

माझी थोरली बहीण सुनंदाताई लग्न होऊन कारंज्याला (घाडगे) आली, त्याला आता एक जन्म लोटला. भाऊजींचं हायवेला लागून ट्रकच्या टायरचं दुकान. मागच्या पावसाळ्यानंतर तिथे अपघात झाला. दुकानातला जुना कामगार देवीदास ट्रकच्या चाकात हवा भरत असताना चाकाची लोखंडी रिंग उडाली. देवीदास जागच्या जागी गेला. भाऊजी शेजारीच उभे होते. त्यांना खरचटलंसुद्धा नाही, पण त्या दिवसापासून त्यांच्या कानात शिट्टी वाजते आहे. “डॉक्टर म्हनते, कानात हळू गानं लावून ठेवा,” ताई फोनवर म्हणाली होती. “पन एकही इअरफोन कानाले सोसत नाई त्यायच्या. तू गान्यातली आहेस, तूच काही पाह्य.”

आर्वीला बस बदलायची होती. मी चहा प्यायला थांबले आणि कारंज्याची बस डोळ्यांदेखत निघून गेली. मग काळीपिवळीत (वडाप जीप) एका बाईच्या मांडीवरच्या संत्र्यांच्या पिशवीला टेकून पुढचा प्रवास केला. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी (कपाशीची वाळकी झाडं) उभी होती. वेचून संपलेल्या बोंडांना कुठे कुठे कापसाचे पुंजके चिकटलेले. मैलोन्‌मैल तोच करडा रंग. “कोनाकडं चालल्या?” बाईने विचारलं. मी टायरवाल्यांचं नाव सांगताच तिने पिशवीतलं एक संत्रं काढून माझ्या हातात दिलं.

दुकानाचं शटर बंद होतं. त्यावर धूळ बसली होती आणि धुळीवर कुणीतरी बोटाने रेघोट्या ओढल्या होत्या. घर मागच्या अंगाला. अंगणात शिरले तर थंडीच्या दिवसांत कूलर घरघरत होता आणि त्याच्यासमोर कानटोपी, शाल, पायमोजे घालून भाऊजी खाटेवर बसले होते. एकेकाळचा आडदांड देह पार वाळला होता.

“अलका का? ये. उजवीकडून बोलजो. डावा गेला आता.”

“आली का व?” ताई आतून आली. माझी सांगलीची बहीण आता बोलण्यात पुरती वऱ्हाडी झाली आहे. तिने भाकरी, वांग्याचं भरीत आणि वर सांभार (कोथिंबीर) घातलेलं वरण वाढलं. भाऊजींनी अर्धी भाकर मोडून ठेवली.

“कशी शिट्टी असते?” मी हळूच विचारलं.

उत्तर ताईने दिलं. “लांबून रेल्वे येऊन राह्यली अशी म्हनते. येतच राह्यते, पोचत नाई.”

म्हणून हा कूलर. बाहेर आवाज असला की शिट्टी त्यात जरा बुडते. शांतता झाली की वर येते. ताईने एक टोपली आणून माझ्यापुढे ठेवली. तिच्यात इअरफोनचा गुंता होता. काळे, पांढरे, लाल. स्टँडवरचे, बाजारातले, पुतण्याने अमरावतीहून आणलेले. कशाचं रबर जाड, कशाचं टोक खोल घुसणारं, काहींना कानाच्या पाळीत अडकवायचा आकडा. टोचतात म्हणून भाऊजी काढायचे, शिट्टी वाढली की पुन्हा खुपसायचे. त्या ओढाताणीत उजवा कान आतून सुजला होता. उशीवर त्या कुशीला निजायचं तर प्लास्टिक हाडाला रुतायचं.

दुपारी लाईन गेली. कूलर थांबला. हायवेवरही नेमकी सामसूम झाली. भाऊजी उठून उभे राहिले, बसले, पुन्हा उठले. ही वेळ माझीच, असं मला वाटलं. मी नवी डबी उघडली, रबराची सगळ्यात लहान टोपी निवडली, तानपुरा लावला आणि दोन्ही कानांत अलगद बसवून दिलं.

त्यांनी दोन्ही हात कानांवर नेले. मग त्यांचा चेहरा असा झाला की मी एक पाऊल मागे सरले.

“बंद कर! बंद कर ते!” त्यांनी दोन्ही बड उपसून अंगणात फेकले. “सगळं जग बंद केलं व तू. मी अन् ते शिट्टीच उरलो आतमंधी.”

आणि ते फाटक उघडून थेट हायवेकडे चालू लागले. ताई अनवाणी मागे धावली. मी पोचले तेव्हा ती रस्त्याच्या कडेला त्यांचा दंड दोन्ही हातांनी धरून उभी होती, आणि एक कंटेनर हॉर्न वाजवत इतक्या जवळून गेला की तिचा पदर उडाला. भाऊजी त्या आवाजात डोळे मिटून उभे होते. तहानलेल्या माणसाने पाणी प्यावं तसे.

“असे रोज जाते तिथं,” परत आल्यावर ताई मला स्वयंपाकघरात म्हणाली. “एक दिवस पांढऱ्या पट्ट्याच्या आत गेलते. ट्रकवाल्यानं उतरून हाताले धरून आनलं. मुद्दाम गेलते का चुकून, मी इचारलं नाई. इचारायची हिंमत नाई झाली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याची गाडी करून आम्ही तिघं वर्ध्याला निघालो. भाऊजी पुढे बसले आणि त्यांनी काच पूर्ण खाली केली. गार वारा आत भणाणत होता. आम्ही दोघी मागे एका शालीत काकडत बसलो होतो, पण काच वर घ्या म्हणायचं कुणाच्या मनात आलं नाही.

डॉक्टरांनी कान साफ केला, थेंब लिहून दिले आणि कसलीही आशा न लावता बोलले. “डावा कान सुधारणार नाही. आवाज जाईल की नाही, सांगता येत नाही. बहुतेक राहील. त्याच्यासोबत राहायला शिकावं लागेल.” मी माझ्या इअरबडचा प्रकार सांगितला. त्यांनी मान हलवली. “कान बुजवला की आतला आवाज मोठा वाटतो. बाहेरचं ऐकू येत राहील असं काहीतरी घ्या. सूज उतरल्यावर वापरा, आवाज अगदी हळू. शिट्टी दाबायची नाही, तिच्या बाजूला काहीतरी वाजत ठेवायचं.” मग ताईला बाजूला घेऊन त्यांनी मनाच्या डॉक्टरांचं नाव लिहून दिलं आणि यांना एकटं सोडू नका, असंही सांगितलं.

बाजारातल्या मोबाईलच्या दुकानात काउंटरवर एक तरुण मुलगी होती. तिने काढलेला प्रत्येक इअरफोन कान घट्ट बंद करणारा. “बाहेरचं काहीच ऐकू येणार नाही, काका,” ती उत्साहाने सांगत होती.

“मले बाहेरचंच ऐकायचं आहे,” भाऊजी म्हणाले.

ती गोंधळली. मी तिला थोडक्यात सांगितलं. मग तिने खोके बाजूला सारले आणि खालच्या खणातून जुन्या पद्धतीचे वायरवाले काढले. चपटे, हलके, कानाच्या तोंडाशी नुसते टेकणारे, वर स्पंजची पातळ टोपी. असे आता कुणी मागत नाही म्हणाली. वापरून पाहायला देत नसतात, पण तिने पाकीट फोडलं. भाऊजींनी चांगल्या, म्हणजे उजव्या कानाला एक हलकेच टेकवला. डोकं हलवून पाहिलं. जबडा उघडून मिटून पाहिला. मग एकाएकी वाकून त्यांनी ते डोकं कुशीवर काउंटरच्या काचेवरच ठेवलं. उशीवर ठेवावं तसं, इअरफोनचा कान खाली.

मागची गिऱ्हाइकं हसली. ताईची मान खाली गेली. त्या मुलीने मात्र काचेवरचे मोबाईल हळूच सरकवून त्यांच्या डोक्याला जागा करून दिली.

भाऊजी बराच वेळ तसेच पडून होते. मी फोनवर पाण्याचा संथ आवाज लावला होता.

“टोचतं का?” ताईने वाकून विचारलं.

“नाई.”

“शिट्टी गेली?”

“नाई. आहेच. पन एकटी नाई आता.”

बाहेर आल्यावर भाऊजी गाडीत बसले आणि ड्रायव्हरला म्हणाले, “सेलूकडून घे.”

ताईने माझ्याकडे पाहिलं. सेलूला देवीदासची बायको वनिता माहेरी, भावाच्या आसऱ्याला राहत होती. भावाचा भाजीपाल्याचा मळा. ताई तेराव्याला जाऊन आली होती. भाऊजी एकदाही गेले नव्हते.

वनिता मळ्यात मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. शेजारी पाण्याचं इंजिन धडधडत होतं. आम्हाला पाहून ती उठली नाही. पोत्याचा एक तुकडा पुढे सरकवला आणि म्हणाली, “बसा वयनी.” भाऊजींकडे तिने पाहिलं नाही. ते उभेच राहिले.

“वनिता,” ते म्हणाले, “मी यायले पाह्यजे होतो.”

“हो. यायले पाह्यजे होते.”

तिचे हात चालू होते. मग तिने विचारलं, “तुमाले आवाज येते म्हनते, भाऊ. रात्रंदिवस.”

“येते.”

“मले येत नाई.” तिने जुडी खाली ठेवली. “त्याचा आवाज मले आठवून नाई राह्यला. चेहरा दिसते, चाल दिसते. आवाज गेला. फोन त्याच्या खिशात होता, तोही गेला. रोज इचार करते, कसा बोलत होता हा मानूस?”

ताईने पर्समधून फोन काढला. ती बोटाने वर वर सरकवत गेली आणि मला कळेना ती काय शोधते आहे. मग तिने फोन पुढे धरला. देवीदासने पाठवलेला आवाजी निरोप होता. इंजिनाच्या धडधडीत काही ऐकू येईना. वनिता कान लावून लावून पाहत होती, कपाळाला आठ्या पडत होत्या. भाऊजींनी खिशातून नवे इअरफोन काढले, वायर फोनला जोडली आणि ते तिच्यापुढे धरले.

तिने ते कानांना लावले. आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. नंतर ताईने मला तो निरोप ऐकवला. त्यात काहीच नव्हतं: ‘वयनी, भाऊले सांगा, मी तळेगावले निंगालो, गाडी पंक्चर आहे. माहा डबा झाकून ठेवजा.’

वनिताने तो ऐकला. पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा. तिचे ओठ ‘डबा’ या शब्दाशी हलायचे. रडेल असं वाटलं होतं, पण ती रडली नाही. तिने इअरफोन काढले, पदराने नीट पुसले आणि भाऊजींच्या हातात दिले.

“तुले पाठवून देते मी,” ताई म्हणाली. “भावाच्या फोनवर.”

“नोका धाडू, वयनी.” तिने मेथी पुन्हा पुढ्यात ओढली. “मी दिवसभर तेच ऐकत बसन. मंग हे कोन करन?”

निघताना भाऊजींनी हात जोडले. तिने जोडले नाहीत. “फोनमधला आवाज पुसू नोका फक्त,” एवढंच म्हणाली.

परतीच्या वाटेवर भाऊजींनी काच अर्धी वर घेतली. कारंजा येईपर्यंत ते रडत होते. तोंडातून आवाज न काढता, नुसते खांदे हलत होते. ताईने मागून त्यांच्या पाठीवर हात ठेवला होता.

सूज उतरल्यावरही मी काही दिवस राहिले. दुपारी इअरफोन लावून ते थोडे निजू लागले. कधी तासभर, कधी तेवढंही नाही. बरे झाले असं मी लिहिणार नाही. दोन संध्याकाळी ते पुन्हा हायवेला जाऊन उभे राहिलेले मी पाहिले. फरक इतकाच की ताईला सांगून गेले आणि ती सोबत गेली. दुकान भाड्याने द्यायचं ठरलं आहे.

परतीच्या गाडीत मी काही ऐकलं नाही. अकोल्यापर्यंत एकच खटाटोप चालला होता. आमची आई जाऊन बरीच वर्षं झाली. तिचं बोलणं मला सगळं पाठ आहे, पण आवाज कसा होता ते कितीही डोकं ताणलं तरी येईना. शब्द यायचे ते माझ्याच आवाजात. आपण माणसांचे फोटो ढिगाने जपतो आणि त्यांचं बोलणं मात्र कायमचं आपल्यापाशीच राहील असं समजून चालतो. शेवटी मी ताईला फोन लावला.

“ताई, आईचा आवाज आठवतो का गं तुला?”

पलीकडे तिने हातातलं भांडं खाली ठेवल्याचं ऐकू आलं.

“थांब,” ती म्हणाली. मग तिने घसा साफ केला आणि आई गल्लीच्या तोंडाशी उभी राहून हाक मारायची तशी मोठ्याने हाक मारली. “सुने! ए सुने! अलके! चला गं पोरींनो, जेवायला!”

आईसारखी नव्हती ती हाक. सांगलीचा हेल ताईला आता साधत नाही. तेवढ्यात पलीकडून, आतल्या खोलीतून, भाऊजींचा झोपाळलेला आवाज आला.

“सुनंदा, कोनाले बलावून राह्यली व?”