रिंगणीला घातलेलं पाणी

त्या दुष्काळात सिरसाळ्याला टँकर दोन दिवसांआड यायचा. घराला चार घागरी मिळत. बाबा बाजेवर बसून आंघोळ करत. खाली घमेलं असे. साबण बंद होता. घमेल्यातलं पाणी शेळी प्यायची.

बहीण विद्यापीठात वनस्पतींतल्या रसायनांवर पीएच.डी. करत होती. भुईरिंगणी हे काटेरी झुडूप हा तिचा विषय. गावात खोकल्याला रिंगणीच्या मुळाचा काढा देतात. औषधी वनस्पतींच्या सोसायटीनं माळावर रिंगणीचा एक तुकडा कुंपण घालून राखला होता. उन्हाळ्यात तिथून नेलेल्या मुळांत तिला एक रसायन दिसलं. ते कुठल्याही नोंदीत नव्हतं. विद्यापीठाच्या बागेतल्या रिंगणीतही नव्हतं. नमुना तपासणीतच संपला. रसायनाची रचना ठरवायला त्याच झाडांची मुळं पुन्हा लागणार होती. फोनवर ती बाबांना एवढंच म्हणाली, "ती झाडं मरू देऊ नका."

बाबांनी सोसायटीच्या चेअरमनकडून कुंपणाची किल्ली आणली. टँकरच्या दिवशी एक घागर माळावर जाऊ लागली. घमेल्यातलं पाणी घाला, असं मी सुचवलं.

"औषधाला अंगाचं पाणी घालतेत व्हय?"

टँकरपाशी शेजारीण म्हणाली, "मामा, काट्याला पाजताव, आमाला कावून न्हाई?"

"तू पीएच.डी. कर, तुला बी पाजतो."

दीड महिन्यानं बहीण आली. माळ करपलेला होता, तेवढा तुकडा हिरवा. ती कुंपणाबाहेरच थांबली.

"पाणी घातलं?"

"तर! पिण्याचं."

बाबांनी मुळं खणून दिली. परळी स्टेशनला सोडताना तिनं मला सांगितलं, की झाड बहुधा तहानेलं असतानाच ते रसायन तयार करत असावं.

नव्या मुळांत ते नव्हतं. पहिला नमुनाच दूषित असावा, असं तिच्या मार्गदर्शकांनी ठरवलं आणि प्रबंधातून ते प्रकरण काढायला लावलं. पुन्हा तपासायला झाडं उरली नव्हती. सोसायटीनं तो तुकडा मुळासकट काढून काढ्याच्या व्यापाऱ्याला दिला होता. मी तालुक्याच्या पेपरात बातम्या देत असे; नव्या रसायनाची बातमी लिहून ठेवली होती. ती छापायला दिली नाही.

दिवाळीत ती घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "पाणी कमी पडलं का गं?"

"न्हाई बाबा. पुरलं होतं."

"मंग?"

ती शेळीला चारा टाकायला उठली.