दाजी आणि जळकी डीपी

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याइतका, म्हणजे आमच्या दाजींइतका सावकाश खूश होणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात झाला नाही, आणि एकदा खूश झाल्यावर इतका अनावर होणाराही झाला नाही. दाजी नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत उगवण तपासायला होते. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, कागदाची गुंडाळी करून उबेला ठेवायची, चौथ्या दिवशी उघडून पहिली मोजणी करायची, आणखी काही दिवसांनी शेवटची, आणि मगच त्या बियाण्याबद्दल तोंड उघडायचं, असं ते काम. मधल्या दिवसांत साहेबाने विचारलं तरी दाजी एवढंच म्हणत, "आजून मोजलं न्हाई." ही सवय त्यांनी घरीही आणली होती. ताईने एखादा नवा पदार्थ केला की ते मुकाट्याने खात आणि चौथ्या दिवशी, ती बिचारी सगळं विसरून गेल्यावर, "त्या दिवशीचं भरीत बराबर झाल्तं" असं सांगत. भाचीसाठी स्थळ पाहायला गेलो तेव्हा मुलाकडची माणसं यांच्या तोंडाकडे बघत बसली आणि हे पोहे खाऊन उठले. चौथ्या दिवशी दाजी एकटेच, न कळवता, पुन्हा त्यांच्या दारात हजर. मुलगा बनियनवर गोठा झाडत होता. दाजींनी उंबऱ्याबाहेरूनच होकार दिला आणि चहा न घेता परत आले.

जालन्यातल्याच मस्तगड भागातल्या त्यांच्या घरात प्रत्येक खिडकीत ओल्या फडक्यांच्या गुंडाळ्या ओळीने मांडलेल्या असत. धावड्याच्या, म्हणजे त्यांच्या गावच्या, भाऊबंदांनी पेरणीआधी तपासायला दिलेलं ते बियाणं. एकदा आमच्या मामांनी हातपाय धुतले आणि त्यातलंच एक फडकं ओढून तोंड पुसलं. पुढचा तासभर मामा मिशीला मोड आलेली बाजरी घेऊन घरभर राजकारणावर बोलत होते. आम्ही हसू दाबत होतो, आणि दाजी मामांसमोर बसून त्यांच्या मिशीतले दाणे मोजत होते, कारण शंभराचा हिशोब जुळायला हवा होता.

गाण्यातलं मात्र दाजींना काही कळत नव्हतं. हे मी अधिकाराने सांगतो, कारण आमच्या घराण्यात गाण्यातलं कळणारा मी. मस्तगडलाच माझा टायपिंगचा क्लास होता, आणि क्लास सुटला की मी पेटी काढून बसत असे. दाजी समोर येऊन बसायचे, डोळे मिटायचे आणि शेवटी विचारायचे, "झालं का?" लग्नानंतरची वीस-बावीस वर्षं त्यांनी माझ्या गाण्यावर एक शब्द काढला नाही. ती मोजणी अजून व्हायची असावी अशी मी स्वतःची समजूत घातली होती. म्हणून हाच माणूस पुढे एका रॉक बँडसाठी वेडा झाला तेव्हा मला जो राग आला, तो संगीताच्या प्रेमापोटी आला असं मी त्या वेळी सगळ्यांना सांगत होतो. खरं म्हणजे मला हेवा वाटला होता.

झालं असं, की दाजींच्या प्रयोगशाळेच्या भिंतीला लागून असलेल्या रिकाम्या गोदामात चार तरुण रोज दुपारी ढोलताशांपेक्षा मोठा आवाज करू लागले. त्यांच्या बँडचं नाव 'जळकी डीपी'. गावाबाहेरची विजेची डीपी जळते आणि मग दिवसच्या दिवस ती बदलायला कुणी येत नाही, हे ज्याने भोगलंय त्याला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. गाणारा आणि गिटार वाजवणारा होता शेषराव. केस मानेपर्यंत, बापाचं लोखंडी सामानाचं दुकान, आणि आवाज असा की दुकानातली घमेली एकमेकांवर पडावीत. प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनी मिळून तक्रार लिहिली, आणि अक्षर चांगलं म्हणून ती दाजींनीच लिहिली. तक्रारीत मुद्दा घातला की या आवाजाने बियाण्याच्या उगवणीवर परिणाम होतो. पण लिहिलेलं तपासून पाहिल्याशिवाय सही करतील तर ते दाजी कसले? त्यांनी गोदामाच्या भिंतीजवळ शंभर दाणे ठेवले आणि लांबच्या खोलीत शंभर. दोन्हीकडे सारखेच उगवले. पण त्या चौथ्या दिवशी त्यांना दुसरंच काही दिसलं. या पोरांना सगळ्यात जास्त शिव्या देणारा कंपनीचा शिपाई काचेची भांडी विसळताना त्यांचंच गाणं गुणगुणत होता. दाजींनी तक्रार फाडली, गोदामात गेले आणि चौघांना म्हणाले, "बियान्याला काही फरक पडत न्हाई. मंग हे मानसातच उगवतं."

त्या पोरांची पहिली कॅसेट निघाली ती त्यानंतर. नाव 'सिंगल फेज'. औरंगाबादच्या एका स्टुडिओत जाऊन त्यांनी स्वतःच गाणी भरली होती. "मागं कंपनीबिंपनी कोनी न्हाई, आमचं आम्हीच करून राह्यलो," असं शेषराव अभिमानाने सांगायचा. दाजींनी ती पहिल्याच दिवशी घेतली, घरी येऊन ऐकली, दोन्ही बाजू ऐकल्या आणि काही न बोलता जेवले. दुसरा दिवस तसाच गेला, तिसराही गेला. चौथ्या दिवशी सकाळी सातला माझं दार वाजलं. दाजी कॅसेट हातात घेऊन उभे. "मेव्हणे," ते म्हणाले, "आठच्या आठ." आठही गाणी पास, असा त्याचा अर्थ. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ताईला दिवस गेल्याचं सांगायला आले होते तेव्हाही इतका आनंद त्यांच्या तोंडावर मी पाहिला नव्हता. मी ती कॅसेट लावली, एक गाणं ऐकलं आणि बंद केली. त्यात शेषराव मोठ्याने सांगत होता की लाईट आली, मोटार लाव. पुन्हा सांगत होता की लाईट आली, मोटार लाव. मी दाजींना म्हणालो, "हे गाणं नाही, निरोप आहे."

दुर्दैवाने बाकीच्या जालन्याचं मत माझ्यासारखंच पडलं. कॅसेटच्या दुकानदाराने महिनाभराने खोकं परत केलं, त्यातली एकच कॅसेट कमी होती. शेषराव ते खोकं घेऊन दाजींच्या ओसरीवर आला तेव्हा मी तिथेच होतो. "काका, बंद करतो आता," तो म्हणाला, "बापू म्हनून राह्यले, गिटार इक अन् दुकानात बस. बाकीचे तिघंही तेच म्हनतात." दाजींनी विचारलं, कॅसेट दुकानात कुठे ठेवली होती. तो म्हणाला, काचेच्या कपाटात.

"कपाटात बी उगवतं का?" दाजी शांतपणे म्हणाले. "पोरीचं लगीन हाये धावड्याला. तिथं तुम्ही वाजवायचं. तवर गिटार इकायची न्हाई. खोकं हितंच ठेव."

"अन् तिथं बी न्हाई जमलं तर?"

"मंग तू दुकानात बस. मी कधी चुकीचं बी पास केलं न्हाई, अन् हे केलं असंल तर नोकरीवर तोंड दाखवनार न्हाई कोनाला."

आतून ताई म्हणाली, "लेकीच्या लग्नात कशाची परीक्षा घेऊन राह्यले हो?" दाजींनी खोकं उचलून कोपऱ्यात सरकवलं. बोलायला अजून मोजलं कुठे होतं?

तिथून पुढे तीन महिने दाजी पेरत सुटले. रविवारी धावड्याला जायचे ते खिशात कॅसेटी भरूनच. पिठाच्या गिरणीत एक, न्हाव्याच्या दुकानात एक, भावाच्या ट्रॅक्टरवर एक. कुणाला "ऐका" म्हणून सांगायचं नाही, नुसती लावून द्यायची आणि आपण दळणाच्या रांगेत बसायचं, हा त्यांचा नियम. माझ्या क्लासमध्येही मी नसताना त्यांनी टेप लावला. आठवड्याभरात तीस मशिनं एका ठेक्यात वाजायला लागली, आणि एका मुलीने सरावाच्या पत्रात 'मा. तहसीलदार साहेब' यांना मोटार लावण्याची विनंती केली. दाजींच्या खिशात शाळेची शंभर पानी वही असे. तिच्यात चार रकाने. गुणगुणतो तो उगवला. चाल चुकवून गुणगुणतो तो वाकडा उगवला. ज्याच्यावर काही परिणाम नाही तो मेला. आणि एक रकाना कडक बियांचा. काही बी मेलेलं नसतं, पण साल इतकी टणक असते की पाणी आत शिरायला फार दिवस लागतात, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. त्या रकान्यात एकच नाव होतं, माझं. मला मेलेल्यांत न टाकल्याबद्दल मी त्यांचे आभार मानले, अर्थात चिडवण्यासाठी.

लग्न दुपारचं होतं. पंगती उठल्यावर मांडवात कार्यक्रम सुरू झाला. 'बँड आहे' एवढंच गावाला माहीत असल्यामुळे लोक सनई-क्लॅरिनेटच्या तयारीने बसले होते. पहिलं गाणं सुरू झालं आणि पुढच्या ओळीतल्या म्हाताऱ्यांनी उपरणी कानावर घेतली. दुसऱ्या गाण्याला शेजारच्या दावणीची एक म्हैस दावं तोडून गेली, आणि तिच्यामागे व्याह्यांची चार माणसं गेली. व्याही दाजींना म्हणाले, "पाव्हनं, हे किती वेळ चालतं?" शेषरावचा चेहरा उतरत चालला होता. ताई माझ्याकडे बघत होती आणि मी चपलांकडे. तिसरं गाणं मोटारीचं. त्याची पहिली ओळ निम्मी झाली असेल नसेल, तेवढ्यात लाईट गेली. जनरेटरचा खर्च कशाला म्हणून दाजींच्या भावाने तो आणलाच नव्हता. गिटार मुकी झाली. शेषरावने मान खाली घालून गिटारीचा पट्टा खांद्यावरून काढायला घेतला. तो पट्टा पुन्हा कधी खांद्यावर चढणार नाही हे मला कळलं, आणि पहिल्यांदाच मला त्या पोराचं वाईट वाटलं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने एक आवाज आला, "लाईट आली." गिरणीवर दळायला येणाऱ्या बायकांपैकी कुणीतरी होतं. लागलीच पाच-सहा जणींनी उत्तर दिलं, "मोटार लाव." न्हावी उभा राहिला आणि त्याने पुढची ओळ घेतली, ट्रॅक्टरवाला भाऊ त्याच्यात मिसळला. मग अख्खा मांडव गाऊ लागला. लाईट गेलेली, आणि शेदीडशे माणसं बेंबीच्या देठापासून सांगत होती की लाईट आली. कानावरची उपरणी खाली आली. ड्रमवाल्याला वीज लागत नव्हती, त्याने ठेका धरला. सगळ्यात वरचा आवाज आमच्या ताईचा होता. तिने गाणं पाठ कधी केलं हे तिलाही सांगता आलं नसतं. स्वतः दाजी मात्र गात नव्हते. जावयाच्या पाया पडणाऱ्यांच्या गर्दीतून, वही उघडून, ते ओळीओळीने फिरत होते आणि एकेकाच्या ओठांकडे बघून पेन्सिलीने खुणा करत होते.

आणि मग लाईट आली. धावड्यात लाईट आली की माणूस हातातला घास टाकून मोटार लावायला विहिरीकडे पळतो. सवयीने अर्धा मांडव उठून उभा राहिला. उभ्याउभ्या त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पुन्हा खाली बसले. त्या दुपारी गावातली एकही मोटार लागली नाही. शेषरावने पट्टा परत खांद्यावर चढवला, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. ते संपल्यावर दाजी स्टेजजवळ गेले, वही मिटली आणि एवढंच म्हणाले, "पास."

त्या एका शब्दाने काय केलं ते पुढे सगळ्यांनी पाहिलं. ओसरीवरचं खोकं पंधरा दिवसांत रिकामं झालं. गिटार विकली गेली नाही. शेषरावचा बाप दुकानात ती कॅसेट लावून खिळे विकायला लागला. 'जळकी डीपी'ची दुसरी कॅसेट आली, तिसरी आली, ते पुण्याला गेले, मोठमोठ्या मैदानांत वाजवू लागले. प्रत्येक कॅसेटच्या आतल्या कागदावर सगळ्यात खाली बारीक अक्षरांत छापलेलं असे, 'उगवण तपासणी : दाजी'. ती ओळ दाजींनी भिंग घेऊन अख्ख्या मस्तगडला वाचून दाखवली.

आता दाजी निवृत्त आहेत आणि त्यांना ऐकू येत नाही. प्रयोगशाळेमागच्या बियाणं साफ करणाऱ्या यंत्रांच्या आवाजात आयुष्य गेलं, कान हळूहळू गेले. यंत्र कानाला लावून देतो म्हटलं तर "घुर्रघुर्र नुसती" म्हणून काढून ठेवतात. टेप केव्हाच बिघडला. शेषराव दिवाळीला येतो, पाया पडतो, आणि दोघं न बोलता फराळ करतात. परवा मी त्यांच्या ओसरीवर वालाच्या शेंगा निवडत बसलो होतो. दाजी समोरच्या खुर्चीवर. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की ते शेंगांकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघतायत. मग माझ्या हेही लक्षात आलं की माझे ओठ हलत होते, आणि मी काय गुणगुणत होतो ते ऐकून माझी मलाच लाज वाटली. दाजी उठले, भिंतीचा आधार घेत आत गेले आणि ती शंभर पानी वही घेऊन आले. कागद पिवळा पडला होता. कडक बियांच्या रकान्यातलं माझं नाव त्यांनी सावकाश खोडलं आणि पहिल्या रकान्यात लिहिलं.

"म्हना," ते म्हणाले. "परत म्हना."

मी म्हटलं. सबंध गाणं म्हटलं, आयुष्यात पेटीवर कधी गायलो नसेन इतकं मन लावून. ज्याने हे सगळ्यांच्यात पेरलं त्यालाच आता यातला एक सूरही ऐकू जाणार नव्हता, आणि मला एवढा उशीर झाला होता. दाजी थोडे पुढे वाकून माझ्या ओठांकडे बघत राहिले. गाणं संपलं तसं त्यांनी वही मिटली, मांडीवर ठेवली, आणि मला विचारलं, "झालं का?"