टेकडी शेवटी

दुपारचं जेवण अंगावर येतं आणि सुनीती संगणकासमोरच पेंगायला लागते. चारला सभा आहे. टेकडीवरच्या वस्तीत आठवडाभर टँकर गेलेला नाही, आणि पाणीपुरवठा सभापती नरवड्यांना तिच्याकडून लेखी हवंय की टँकर कुठे जाणार ते एआय ठरवतं, त्यात माणसाचा हात नाही. नगरपालिकेत प्रोग्राम लिहिणारी ती एकटीच. म्हणजे खापर फोडायला डोकंही एकच.

डोळे मिटतात न मिटतात तोच शेजारच्या खुर्चीत खांबेटे सर दिसतात. तंत्रनिकेतनात तिला प्रोग्रामिंग शिकवलं ते यांनीच. वर्ष झालं त्यांना जाऊन, पण तोंडात लवंग आहेच, आणि वैतागही तोच.

"ही ओळ कुणाची?" सर पडद्यावर बोट ठेवतात. टेकडी सगळ्यात शेवटी, असं सांगणारी ओळ.

"एआयनं लिहिली, सर."

"लिहिली असेल. सांगितली कुणी?"

ती मान वर करते तर कचेरी नाहीच, जुना वर्ग आहे, आणि बाकांवर मुलांऐवजी रिकामे हंडे बसलेत. सरांचा नियम होता, ज्याच्या सांगण्यावरून ओळ लिहिली त्याचं नाव त्या ओळीच्या डोक्यावर टिपायचं. यंत्र ते वाचत नाही, ते माणसांसाठी असतं. टेकडीनं मतं दिली नाहीत म्हणून नरवड्यांनी हे सांगितलं, तेव्हा तिनं त्यांचं नाव टिपलंही होतं. मेल्या त्या एआयनं प्रोग्रामची साफसफाई करताना अनावश्यक म्हणून पुसून टाकलं. ती हे सगळं तावातावानं सांगते.

सर कपाळाला हात लावतात. यंत्र झाडू मारतं आणि सभापती हात झटकतो, बरी जोडी जमलीय, म्हणतात. "आणि तू मूग गिळून बसलीस."

"नोकरी जाईल हो, सर."

आता दोघं टेकडीवर उन्हात रांगेत उभी आहेत. टँकरचा पत्ता नाही. सरांच्या हातातही हंडा आहे.

"मला तहान लागलीय गं," सर म्हणतात. सुनीतीला रडू कोसळतं.

ती दचकून जागी होते. बोटं कळफलकावरच आहेत. पडद्यावर त्या ओळीच्या डोक्यावर लिहिलेलं आहे, 'सभापती नरवडे यांच्या तोंडी सांगण्यावरून.' कोपऱ्यात एआय अदबीनं विचारतंय, ही टीप अनावश्यक आहे, काढू का?

"हात तर लावून बघ," सुनीती म्हणते, आणि ते पान छापायला टाकते. सभेत जितकी माणसं, तितक्या प्रती.