टकटक थांबली तेव्हा

आमचे हे भलतेच तिखट कानाचे. लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात. तळमजल्यावर उभं राहून वरची कुठली चाकी कुरकुरतेय ते सांगतात. कुणी लिफ्टमध्ये अडकून दार बडवतंय असा फोन आला, की हातातला घास टाकून धावतात. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही ह्यांना दगड समजाल.

रविवार मात्र पाणबुडीचा. म्हणजे कॉम्प्युटरवरच्या खेळातल्या पाणबुडीचा, पण तसं म्हटलेलं ह्यांना खपत नाही. अडगळीच्या खोलीत खिडकीला पुठ्ठा ठोकलाय, लाल दिवा आणलाय, बसायला मुद्दाम बिनपाठीचं स्टूल. पाठीला रग लागल्याशिवाय खरं वाटत नाही म्हणे! घरी चांगली खुर्ची असताना.

सासूबाईंनी एकदा डोकावून विचारलं, यात तर काहीच दिसत नाही, मग खेळतोस काय? झालं, स्वारी खुलली. आईला स्टुलावर बसवलं, हेडफोन तिच्या कानाला लावले आणि समजावलं, की पाणबुडीला खिडकी नसते. वर शत्रूचं जहाज आलं की ते नुसत्या कानाने ओळखायचं, आणि आपला आवाज त्याला जाऊ द्यायचा नाही. इंजिन बंद, पंखा बंद, खोकलासुद्धा गिळायचा. चित्रं कितीही झकास असोत, खरी मजा त्या जीव मुठीत धरून वाट बघण्यात आहे. सासूबाई अगदी मन लावून ऐकत होत्या.

पुढे एका रविवारी त्यांच्या हातून झाकण पडलं, तर हे आतून खेकसले, "आई, आवाज झाला की पाणबुडी सापडते!" माझं डोकंच फिरलं. पण सासूबाई उलट मलाच म्हणाल्या, असू दे गं, आठवड्यातून एक दिवस तर मिळतो त्याला. तेव्हापासून रविवारी त्या भांडी अलगद ठेवायला लागल्या.

त्या दिवशी मी बहिणीकडे गेले होते. दुपारी परतले, तर हे नुकतेच खोलीतून बाहेर आलेले, घामाने चिंब, चेहरा नुसता फुललेला. मला चप्पलही काढू देईनात. आज काय सांगू तुला, म्हणाले, पाण्यातून टकटक यायला लागली, लोखंडावर लोखंड, डाव्या अंगाने. इंजिन बंद केलं तर आणखी स्पष्ट. इतकी खरी, की अंगावर काटा आला. पंखा बंद करून श्वास रोखून बसलो. कितीतरी वेळ चालली होती. मग मंदावली, थांबली, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

"आई कुठायत?" मी विचारलं.

त्या खोलीच्या डाव्या भिंतीपलीकडे आमचं बाथरूम आहे. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

दार नुसतं लोटलेलं होतं. सासूबाई ओल्या फरशीवर पडलेल्या, पाय वेडावाकडा, शेजारी नळाचा पाइप, हातात स्टीलचा मग. शुद्धीवर होत्या. मला बघून त्यांनी आधी अंगावरचे कपडे सारखे केले.

खुब्याचं हाड मोडलंय, डॉक्टर म्हणाले, आणि विचारलं, किती वेळ पडून होत्या? मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी जमिनीकडे. शेवटी मीच म्हणाले, नक्की कळलं नाही. म्हणताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऑपरेशन झालं तरी हे आईच्या नजरेला नजर देईनात. पाणी पाजायचे, पाय चेपायचे, तेही मान खाली घालून. शेवटी उशाशी बसून एवढंच विचारलं, "आई, हाक का नाही मारलीस?"

सासूबाईंनी त्यांचा हात थोपटला. "मारणार होते रे. पण म्हटलं, तुझी पाणबुडी सापडेल. म्हणून आपलं हळूच वाजवलं."

त्यात टोमणा नव्हता. असता तर ह्यांनी तो सोसला असता. हे खाटेखाली वाकले आणि काहीतरी शोधायला लागले, कितीतरी वेळ. खाली काहीच पडलेलं नव्हतं.