पहिली फेरी अण्णाप्पांची

दुरुस्त झालेली गाडी अण्णाप्पा मिस्त्री थेट मालकाच्या हाती कधीच देत नसत. पहिली फेरी ते स्वतः मारत. कुणी घाई केली की ओरडत, "पयला मी पडतो, मग तुम्ही पडा की पावणं! नंबर लावा!"

ते मूळचे गडहिंग्लजकडचे. कळंबा रस्त्याला त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. पलीकडच्या चहावाल्याला ते जागेवरूनच ऑर्डर देत, एवढा त्यांचा आवाज. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी वडिलांची जुनी साडेतीनशे सीसीची मोटारसायकल त्यांच्याकडे नेली. मित्रांबरोबर गोव्याला जायचं होतं आणि मला पुढे नवं अलॉय चाक आणि डिस्क ब्रेक हवा होता. "म्हाताऱ्याला जीन पँट घालाय निघालास व्हय?" ते म्हणाले. पण ते चाक जुन्या गाडीत नीट बसावं म्हणून चार दिवस कानस घेऊन घासत बसले.

शेवटचं काम ब्रेकच्या नळीतली हवा काढण्याचं. त्याला दोघं लागतात. मी हँडलवरची ब्रेकची लिव्हर दाबून धरायची, त्यांनी खालचा स्क्रू सैल करून बुडबुडे काढायचे. स्क्रू आवळून ते "सोड" म्हणेपर्यंत बोटं हलवायची नाहीत, नाहीतर हवा उलटी आत शिरते. "ब्रेकात हवा गेली की गाडी थांबत न्हाय, माणूस थांबतंय," त्यांनी बजावलं होतं.

रस्त्यावरून जाणाऱ्या मित्रानं हॉर्न दिला. मी वळून पाहिलं आणि बोटं सुटली.

"सोडलास काय?" खाली वाकलेल्या अण्णांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. ते चिडतील, एवढीच भीती होती.

काम संपवून त्यांनी लिव्हर दाबून पाहिली. "मऊ लागतंय." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू सोडला न्हाईस म्हंतोस, म्हंजे नवी नळी ताणत आसंल." आणि किक मारून कात्यायनीच्या देवळाच्या दिशेनं निघाले.

मी दोन पावलं पळालो. "अण्णा" एवढंच तोंडातून निघालं. त्यांनी मागं न बघता हात हलवला.

त्या वाटेवर उतार होता, उसाच्या ट्रॉल्या होत्या. गाडीचा आवाज ऐकू येईनासा झाला. दहा मिनिटांची फेरी, अर्धा तास झाला. अण्णांच्या पत्नी, काकू, डबा घेऊन आल्या आणि त्यांनी विचारलं, "कुटं गेल्यात?" मी रस्त्याकडं बोट दाखवलं. मी एका टायरवर बसलो. तिकडून येणारा प्रत्येक माणूस आता थांबून काहीतरी सांगणार, असं वाटत होतं.

एक टेम्पो थांबला. मागे माझी गाडी आडवी पडलेली, आणि पुढे अण्णा, मनगट टॉवेलात गुंडाळलेलं. ट्रॉली आडवी आल्यावर ब्रेक लागलाच नव्हता. त्यांनी गाडी चरात घातली होती.

"माझंच चुकलं," ते हळू आवाजात म्हणाले. "मऊ लागलं तवाच परत उघडाय पायजे हुतं."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी त्यांना धरून खाली उतरवलं, इतकंच.

मनगटाचं हाड जुळलं. पण ब्रेकचं काम त्यांनी परत घेतलं नाही. गिऱ्हाईक आलं की म्हणत, "दुसरीकडं जावा. माझ्या हाताचा मला भरवसा न्हाय." मी सांगायचं ठरवून कितीदा गेलो आणि चहा पिऊन परत आलो.

अण्णा वारल्यावर मी काकूंना सगळं सांगितलं.

"तवाच सांगायचं की रं," त्या म्हणाल्या. "चार वर्सं ते दोन्ही हात फुडं धरून बघत बसायचं. मी इचारायची, काय बघतायसा? तर म्हणायचं, ह्यातला कुठला चुकला ते बघतोय."