जिताड्याचा दंड

महाळुंग्यातल्या आमच्या साचे बनवणाऱ्या कंपनीत पंचांग बघून मीटिंग ठरवणारी एकच व्यक्ती होती, आणि मुहूर्तावर तिचा काडीइतकाही विश्वास नव्हता. कंपनीच्या सामाजिक निधीतून रायगडच्या एका खाडीकाठच्या गावाला मदत जायची. तो कारभार या बाईंकडे, म्हणून आम्ही त्यांना खाडीबाई म्हणायचो. मी त्यांचा मदतनीस. "अमावस्या-पुनवेला उधाण असतं. ओहोटीला पाणी लांब गेलं की बायका चिखलात तिसऱ्या-शिंपल्या काढायला जातात. गावची मीटिंग अष्टमीला ठेव," असं त्या सांगत. हेड ऑफिसला अष्टमी समजावताना माझी भंबेरी उडायची.

बाई राहायला पुण्याजवळच्या दिघीत. पोहता येत नव्हतं आणि होडीत पाय ठेवला की उलटी. गावाने खाडीचा एक पट्टा राखीव ठेवला होता; तिथे जाळं टाकायचं नाही, मासळी वाढू द्यायची. तो पट्टा बघायला त्या लिंबू हुंगत का होईना, जायच्याच.

कंपनीला मात्र वर्षाच्या आत निकाल हवा असे. "नवा साचा पहिल्या ट्रायलला पास होतो का राव? मग मासळीचीच कसली घाई?" असं त्या भर मीटिंगमध्ये विचारत. दरवर्षी नव्याने हात पसरणं त्यांना मान्य नव्हतं. गावासाठी दहा वर्षांचा करार हवा, हा एकच ध्यास.

अखेर त्याचा निर्णय घ्यायला डायरेक्टरसाहेब स्वतः गावात आले. जेवायला खाडीतला भलामोठा जिताडा मासा होता. साहेब बोटं चाटत होते, आणि बाईंचा घास हातातच थांबला.

"जिताडा कुठला, दादा?"

गावच्या समितीच्या अध्यक्षांनी मान खाली घातली. "राखीव पट्ट्यातला. पावण्यांच्या ताटात बाजारची मासली कशी वाढायची, मॅडम?"

मी डोळ्यांनी विनवत होतो, बाई, आज गप्प बसा. बाईंनी ताट बाजूला सारलं. "साहेब, नियम गावाचाच आहे. तिथली मासळी मारणारा आणि खाणारा, दोघांनी दंड म्हणून पट्ट्याची राखण करायची. आपण खाल्लीय."

साहेब लालबुंद झाले. "आणि नाही केली तर?"

"तर उद्या हे कुणाला अडवणार? मग तुमचा निधी देऊन तरी काय उपयोग?"

करार गेला, असं मी मनाशी म्हटलं. साहेबांनी हात धुतले, पँट दुमडली आणि अध्यक्षांबरोबर होडीत बसले. बाईही गेल्या, पिशवीत ओकत ओकत संध्याकाळपर्यंत फिरल्या. पुढच्याच महिन्यात करार झाला, दहा वर्षांचा.

मग बाईंना आजार निघाला. तेव्हापासून त्यांनी एकेक काम समितीच्या हाती द्यायला घेतलं. "एका माणसावर चाललेला निधी त्या माणसाबरोबर जातो," म्हणायच्या. गेल्या वर्षी त्या गेल्या. त्यानंतरची पहिली मीटिंग पुढे ढकलू या, असं मी अध्यक्षांना फोनवर म्हणालो, तर ते लगेच म्हणाले, "नको. बाई रागावल्या असत्या. तुमी या."

गेलो. हप्ता वेळेवर पोचला, राखण चालू आहे. बाईंनी इतकी चोख व्यवस्था लावली की त्यांच्यावाचून गावाचं काही अडलं नाही, कंपनीचंही नाही. मला मात्र त्यांचा राग येतो. माझी काहीच व्यवस्था त्यांनी लावली नाही.