मधातच मोडलेली झोप

शंकरसिंगने बायकोचा दात पाडला तो भर दुपारी, गाढ झोपेत. दारव्ह्याजवळच्या तांड्यातला हा साठीकडे झुकलेला शेतकरी रात्रभर हरभऱ्याची राखण करायचा आणि दिवसा घरी झोपायचा. अंगावरून सरकलेलं पांघरूण नीट करायला लालीबाई वाकली, तोच त्याची मूठ तिच्या तोंडावर बसली. दुसरी बरगडीत. ती खाली कोसळली तरी त्याचे पाय खाटेवर आपटतच होते.

जाग आल्यावर त्याने आपल्या बोटांवरचं रक्त पाहिलं, मग तिचा फाटलेला ओठ.

"कोनं मारलं तुले?"

"तुमीच. झोपेत. काय पाह्यलं सपनात?"

"काईच नाई. मले सपनं पडतच नाईत."

लालीबाईला ते खोटं वाटलं. गेल्या हिवाळ्यात रानडुकराने त्याला शेतात पाडलं होतं. सुळ्याने मांडी हाडापर्यंत चिरली, मधे आलेल्या कुत्र्याचं पोट फाडलं आणि पुन्हा त्याच्यावर वळलं. भाकर घेऊन आलेल्या लालीबाईने कुऱ्हाड उचलली. पहिला घाव निसटला, दुसरा मानेत रुतला. डुक्कर कुऱ्हाडीसकट शेजारच्या तुरीत घुसलं. तेव्हापासून तो झोपेत लढायचा. दुपारी त्याच घरात जराशी आडवी झाली की स्वप्नं तिलाही पडत. त्यातली कुत्र्याची आतडी तिला रात्रीपर्यंत डोळ्यांपुढे दिसत. मग यालाच कसं काही आठवत नाही?

लेक ममता दारव्ह्यात एका दवाखान्यात नर्स होती. तिने आईच्या ओठाला टाके घालून घेतले, डॉक्टरांना सगळं सांगितलं आणि आईला समजावलं.

"याडी, बा खोटं नाई बोलत. सपन चालू असताना झोप मोडली तं ते ध्यानात राह्यते. बा सपन सरल्यावरबी झोपूनच राह्यतो, मंग काय उरन? तू त्याच्या वरडण्यानं दचकून उठते, म्हनून तुले तुयं आठवते."

लालीबाईला खात्री करायची होती. दोन दिवसांनी शंकरसिंग झोपेत गुरगुरायला लागला तशी ती लांब बांबू घेऊन दारात उभी राहिली आणि तिथूनच तिने त्याच्या तळपायाला टोचलं. तो उसळून उठला. बांबू हिसकून त्याने भिंतीवर आपटला, मोडेपर्यंत आपटला, आणि मग धापा टाकत उभा राहिला.

"आता काय दिसलं?"

"डुक्कर तुयावर होतं," तो म्हणाला. "नरडं धरलं होतं तुयं. मी त्याच्या थोबाडावर हानून राह्यलो होतो, पन ते सोडेच ना."

एवढं बोलून तो खाली बसला आणि रडला. डुकराने फाडलं तेव्हाही तो रडला नव्हता.

"मले बांधून ठेव, लाली," तो म्हणाला. "पन सपनाच्या मधात उठवत नको जाऊ."

तिने त्याला बांधलं नाही. डॉक्टरांच्या गोळ्या सुरू केल्या, आतल्या खोलीतले विळे-पावशी बाहेर काढले, त्याची गादी जमिनीवर टाकली. तो झोपला की ती बाहेरून कडी लावायची. स्वतःची खाट तिने तांड्याच्या दुसऱ्या टोकाला, जावेच्या घरी नेली. तिथवर त्याचं ओरडणं पोचत नव्हतं.

"आता डुक्कर दिसते का तुले?" ममताने एकदा आईला विचारलं.

"दिसत असन. उठल्यावर काई राह्यत नाई."

गोळ्यांनी त्याचं लढणं कमी झालं, थांबलं नाही. कधी ती कडी काढायची तेव्हा भिंतीचे पोपडे पडलेले असत आणि त्याची बोटं सोललेली. ती तांब्याने पाणी ओतायची, तो हात धुवायचा. मग दोघं चहा घ्यायला बसायची.